अप्पांचं सेंटरबोर्ड

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीतले टकटकअप्पा लाकूड दिसलं की बोटाच्या पेराने वाजवत आणि कान लावून उत्तराची वाट बघत. माझ्या देवघराला एकदा "आतून गेलंय" म्हणाले, तेव्हा मी चांगलीच चिडले. त्याच पावसाळ्यात देवघर खाली बसलं. तरीही हा माणूस मला आवडायचा. दुसऱ्याच्या घरातल्या लाकडाची इतकी काळजी कोण करतं?

पार्किंगमध्ये त्यांची जुनी शिडाची बोट उपडी पडलेली असे. तरुणपणी अप्पा आणि त्यांचा थोरला भाऊ, दादा, ती डोंबिवलीच्या खाडीत चालवत. बोटीच्या पोटातल्या फटीतून पाण्यात सोडतात त्या फळीला सेंटरबोर्ड म्हणतात. ती नसेल तर बोट वाऱ्याबरोबर आडवी घसरते. ती फळी कुजत चालल्याचं अप्पांना ठाऊक होतं. पण दसऱ्याला बोटीची पूजा व्हायची होती. त्यांनी भोकांत पुट्टी भरली, वर झकास निळा रंग दिला आणि दादाला सांगितलं, नवी केली. पूजा करून दोघे खाडीत निघाले, त्याच दुपारी फळी मोडली आणि बोट उलटली. अप्पा पोहून काठाला लागले. बोटही सापडली. दादा सापडलाच नाही.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी ती फळी पुन्हा करायला घेतली. वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून सागाच्या पट्ट्या कापून आणल्या, एकीला एक चिकटवल्या, पुढची कड गोल आणि मागची पातळ घासली. रंगाचा डबा मात्र जवळ येऊ दिला नाही. वरून नुसता पारदर्शक रेझिनचा लेप. जरा रंग दिला तर काय बिघडेल, असं मी विचारलं. हात न थांबवता ते म्हणाले, "दादाला आतलं लाकूड दिसायला हवं."

दूध आणायला सांगावं इतक्या सहज. त्या दिवसापासून पार्किंगमधून जाताना मी भरभर पावलं उचलू लागले.

बोट पाण्यात घालायच्या दिवशी मी बरोबर गेले, कारण अप्पा परत येतील याची मला खात्री नव्हती. भर दुपार होती आणि खाडीवर वारा चांगलाच होता. वारा येतो त्या बाजूला बसायचं, नाहीतर बोट उलटते, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पण अप्पा चक्क उलट बाजूला, शिडाखाली बसले. मी धक्क्यावरून ओरडले. त्यांनी नुसता हात हलवला. शीड फुगलं आणि बोट जराही न कलता सरळ पुढे गेली. वाऱ्याकडची बाजू रिकामी होती. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं, तरी रिकामीच होती.

ऊन उतरायच्या आत ते परत आले. माझा जीव भांड्यात पडला, मी हात पुढे केला. अप्पांनी तो घेतला नाही. दोन्ही हातांनी धक्का घट्ट धरून त्यांनी बोट स्थिर केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जरा बाजूला हो. आधी दादाला उतरू दे."

मी बाजूला झाले. बोटीची ती रिकामी बाजू हळूच वर आली.