धक्काभाईंचा नियम

धक्काभाईंची जीप सेल्फवर सुरू झालेली मी कधी पाहिली नाही. आणि ती तशी सुरू व्हावी अशी त्यांची इच्छाही नव्हती. मूर्तिजापुरात त्यांचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. पुढे टिनाचं शेड, शेडखाली दोन बाकडी. रस्त्याला तिथे चांगला उतार होता. तिथे जीप लावली असती तर ती आपसूक गडगडत सुरू झाली असती, पण भाई ती मुद्दाम सपाटीवर लावायचे. "उतारावर लावली तं तुमाले शिक्षा काय देऊ?" असं वर आम्हालाच विचारायचे.

शिक्षेचं असं होतं. रिकाम्या वेळी आम्ही गाड्यांचे शौकीन त्या बाकड्यांवर जमत असू. शौकीन म्हणजे काय, तर गजूभाऊची काळी-पिवळी जीप सोडली तर कुणाचीच गाडी धड चालत नव्हती. बंडू देशमुखाची अँबेसेडर अंगणात विटांवर उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. मी मास्तर, माझ्याकडे तर स्कूटरच. पण बोलायला काय लागतं! कोणत्या गाडीचा पिकअप चांगला, कोणती किती ॲव्हरेज देते, यावरून आम्ही हमरीतुमरीवर येत असू. नियम मात्र एकच. शेडखाली शेतीचा शब्द काढायचा नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्यानं एकट्यानं जीप ढकलायची आणि बाकीच्यांनी आत बसून हसायचं.

त्या वर्षांत हा नियम पाळणं सोपं नव्हतं. आमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही रानात होतं. हॉटेलात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, मयतीत, जिथे जावं तिथे तेच बोलणं. सकाळी पेपर उघडायचीही भीती वाटायची, न जाणो आज कोणत्या गावच्या शेतकऱ्यानं जीव दिल्याचं छापलेलं असेल. भाई म्हणायचे, "घरी थेच, बाहेर थेच. घडीभर माणसाले दुसरं काई पाह्यजे का नाई? इथं गाडीचं बोला." एकदा मी, हरभऱ्याला घाटे छान धरलेत, असं बोलून गेलो आणि पार स्टेशनापर्यंत जीप ढकलली. भाई स्टिअरिंगवरून मागे वळून ओरडत होते, "दम लावा मास्तर! हरभरा निस्ता पाह्यलाच का, खाल्ला नाई?"

स्वतः भाईंना मात्र ती जीप कधी ढकलावी लागली नाही. तसे तेही शेतीवरच होते. पंक्चरच्या जोडीला ते संत्र्याची बाग धरत. म्हणजे झाडावरचा बहार शेतकऱ्याकडून आधीच विकत घ्यायचा, राखायचा आणि तोडून बाजारात पाठवायचा. आधीचे दोन हंगाम बुडाले होते. त्या साली घरात होतं नव्हतं ते सगळं घालून त्यांनी शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या आगगाडीच्या, रुळालगतची मोठी बाग घेतली होती. फळ पिकून तोडीला आलं होतं. हा बहार गेला तर दुकानही जाईल, हे गावाला ठाऊक होतं. पण नियमामुळे आम्हाला विचारायची सोय नव्हती आणि त्यांना सांगायची.

तो रविवार होता. दुपारीच आभाळ काळंनिळं होऊन खाली आलं आणि बोलता बोलता गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. डोक्यावरचं टिन असं वाजू लागलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. समोर उभ्या काळी-पिवळीची काच तडकली, तरी गजूभाऊचं लक्ष तिकडे नव्हतं. तो उठून शेडच्या कडेला गेला. "भाई, माहा गहू…" एवढं म्हणून थांबला.

"गजू, बस खाली," भाई ओरडले. "डिझेल गाडीचं सांगून राह्यला होता ना तू? सांग!"

गजूभाऊ बसला. घशाच्या शिरा ताणून तो डिझेल इंजिनाबद्दल सांगू लागला. रस्ता पांढरा होत चालला होता. मध्येच बंडू म्हणाला, "बरफाच्या मुलखात म्हणे टायरले साखळ्या बांधतात, गाडी घसरू नाई म्हून."

भाईंनी ते बोलणं जवळजवळ हिसकावूनच घेतलं. "मांगच्या चाकाले बांधतात का चारी?"

"ज्या चाकाले इंजिनाची ताकत जाते त्याले."

"अन् पंक्चर झालं तं? आधी साखळी सोडाची, मंग चाक? मंग पंक्चरवाल्यानं तिकडे धंदा कसा कराचा, सांग ना! बोला, कोणी तं बोला!"

आम्ही बोलत राहिलो. हातात टायर उघडायची पहार, एका फडक्यानं ती पुसणं चाललेलं आणि नजर रुळांच्या दिशेला, असे भाई बसले होते. एक बोलणं संपायच्या आत दुसरा प्रश्न टाकत होते. मला रडू येत होतं आणि मी पॉवर स्टिअरिंगबद्दल ओरडत होतो. इतकं हताश मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

मग गारा थांबल्या. एकदम एवढी शांतता झाली की टिनावरून ओघळणारं पाणी ऐकू येऊ लागलं. रुळांकडून गार वारा आला आणि त्याबरोबर वास आला, नुकतं संत्रं सोलल्यावर येतो तसा. एवढ्या लांबून, भरभरून येणारा वास. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

भाई उठले. पायजमा वर खोचून गारांमधून चालत जीपच्या मागे गेले आणि खांदा लावून उभे राहिले. "बसा आत," ते म्हणाले.

"काहून भाई? तुमी तं काई बोलले नाई," गजूभाऊ म्हणाला.

"आता बोलतो. बाग गेली माही."

आत कुणी बसलं नाही. गजूभाऊ त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "माहा गहू," तो म्हणाला. बंडू म्हणाला, "कांदा." मी हरभरा म्हणालो. चौघं मिळून ढकलत होतो, पाय गारांवरून सटकत होते, जीप पुढे जात होती आणि सुरू काही होत नव्हती. बरंच पुढे गेल्यावर कळलं की स्टिअरिंगवर कोणीच नाही. एवढे गाड्यांचे शौकीन आम्ही, पण गिअर टाकायला कुणाला तरी आत बसावं लागतं हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. एरवी या गोष्टीवर आम्ही वर्षभर हसलो असतो.

पावसाळ्याआधी दुकान गेलं. जीप भंगारात गेली. भाई अकोल्याला पुतण्याकडे राहायला गेले. शेड दुसऱ्या कुणी घेतलं; आम्ही तिथे जमलो नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी अकोल्याच्या बसस्टँडबाहेर भाई दिसले. पुतण्याचा ऑटो चालवत होते. फार वाळले होते. मला पाहून हात धरला आणि पहिलंच विचारलं, "हरभरा कसा हाय यंदा?"

उत्तर न देता मी गाड्यांचं काढलं. विजेवर चालणारी नवी गाडी आली म्हणे, आवाजच नाही म्हणे, असं त्या दिवशी टिनाखाली बोलत होतो तसं भराभर बोलत सुटलो. भाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हरभऱ्याचं सांगतलं नाई तुमी," ते म्हणाले.

"गेला भाई. अवकाळीनं झोडपला."

ते ऑटोच्या मागच्या बाजूला थाप मारून म्हणाले, "चाला मंग. म्या विचारलं, तुमी सांगतलं. दोघाईले शिक्षा."

ऑटो चांगला होता, एका झटक्यात सुरू होणारा. तरी आम्ही दोघांनी तो भर गर्दीतून स्टँडच्या फाटकापर्यंत ढकलत नेला. भाईंनी या खेपेला एक हात हँडलवर ठेवला होता.