आवडाबाईंची डबलबेडची गादी

आवडाबाईंना हसू आलं की त्यांना उभं राहता येत नाही. असतील तिथं बसकण मारतात. भाजीच्या गाड्याशी, बँकेच्या रांगेत, एकदा तर पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकता टाकता. वैजापूरकडच्या एका खेड्यात त्यांचं आयुष्य कापूस वेचण्यात गेलं. नवरा वारल्यावर मुलानं त्यांना शहरात, सिडकोत आणलं. मुलगा सोमनाथ आणि सून प्रेरणा, दोघंही वाळूजला कंपनीत जातात. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

गेल्या दिवाळीत सोमनाथनं ऑनलाइन गादी मागवली. खोक्यातून एक गुंडाळी निघाली. प्लॅस्टिक फाडलं तशी ती सुस्कारे टाकत फुगायला लागली.

"आगं बया, ही तर जित्ती हाय!" आवडाबाई तिथंच खाली.

पण वास काही जाईना. नव्या रेक्झिनला येतो तसा, उग्र. प्रेरणाला शिंकांवर शिंका, आणि सकाळी उठली की डोकं जड. खिडक्या उघड्या ठेवून झाल्या, गादी गच्चीत टाकून झाली. शेवटी ती परत पाठवली आणि नवराबायको सतरंजीवर आले.

"आता गादी घ्यायची तर बिनकेमिकलचीच," प्रेरणानं जाहीर केलं.

जालना रोडवरच्या दुकानांत जाताना मलाही सोबत घेतलं, कारण लेबलवरचं बारीक इंग्रजी वाचायला 'म्याडम' पाहिजेत. प्रत्येक गादीवर हिरवं पान छापलेलं होतं. मी विक्रेत्याला विचारलं, "आत काय आहे?"

"एकदम नॅचरल फील, मॅडम."

"फील कळला. आत काय आहे?"

तो लेबल उलटसुलट करून बघायला लागला. तोवर प्रेरणा एकेका गादीला नाक लावत रांगेनं पुढं सरकत होती, आणि दुकानातली गिऱ्हाइकं गाद्या सोडून तिलाच बघत होती. विक्रेत्यानं मग आवडाबाईंना गाठलं. "आजी, ही मेमरी फोमची. तुम्ही कसे झोपता ते हिच्या लक्षात राहतं."

"गादीला आठवण कशाला रं बाबा? झोपताना माणूस समदं इसरायला बघतंय, आन् ही ध्यानात ठेवून बसणार?"

आणि बसल्या. त्याच गादीवर. विक्रेताही हसायला लागला. नंतर त्यानं खरंच रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेल्या गादीचा तुकडा आणून दाखवला. माणूस भला होता. आवडाबाईंनी तुकडा दाबला, तो टुणकन वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. त्यांना तो खेळ फार आवडला. पण प्रेरणानं हुंगून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं, "फुग्याचा वास येतोय."

परतताना रिक्षात आवडाबाई म्हणाल्या, "घरचा कापूस असताना आपुन दुकानं हुंगत फिरतोय व्हय? याड लागलंय आपल्याला."

लगेच गावी भावाला, मोतीरामला, फोन लावला. प्रेरणानं तो हातातून घेतला. "मामा, पण कापूस फवारलेला नको हं."

"फवारल्याबिगर कापूस येतो व्हय, पोरी?" पलीकडून मामा म्हणाले. मग म्हणाले, "थांब. खालच्या वावरात औंदा नुसत्या निंबोळी अर्कावर केलाय थोडा. लोकं हसत्यात मला. तुला देतो."

सरकी काढलेला कापूस पोत्यांतून आला. शहागंजच्या बाजूला रशीदभाई गाद्या भरतात, त्यांच्याकडं तो नेला. खोळीला रंग न दिलेलं कोरं मांजरपाट. रशीदभाईंनी मापं घेतली आणि म्हणाले, "अम्मा, डबलबेड की एक मत बनवाओ. दो करो. उठती नै."

"एकच कर. दोन केल्या तर मधी फट पडती. नवराबायकोच्या मधी फट नको."

प्रेरणा लाजून रस्त्याकडं बघायला लागली. रशीदभाईंनी हात जोडले.

रविवारी टेंपोतून गादी आली. सोमनाथ आणि टेंपोवाला पुढून, प्रेरणा आणि आवडाबाई मागून. पहिला मजला चढली. दुसऱ्या मजल्यावर, जिथं जिना वळतो, तिथं माझ्या दारासमोर ती भिंत आणि कठडा यांच्यामध्ये जी रुतली ती रुतलीच. मी दार उघडलं तर समोर नुसतं पांढरं मांजरपाट.

"म्याडम, दार उघडंच ठेवा, पोट आत घ्या तिचं!" मागून आवडाबाईंचा आवाज आला.

"कोणाचं पोट?" मी विचारलं.

झालं. आवडाबाई पायरीवर बसल्या. त्यांच्या हसण्यानं प्रेरणाचे हात गळाले, तिच्यामुळं सोमनाथचे. टेंपोवाला "जरा दम धरा" म्हणता म्हणता स्वतःच डोळे पुसायला लागला. वरून आप्पासाहेब देशपांडे, आमचे सोसायटीचे सेक्रेटरी, नियम सांगायला म्हणून उतरले. गादी ओलांडताना पाय घसरला आणि ते तिच्यावर पाठमोरे आपटले. आप्पासाहेब उठेचनात. थोड्या वेळानं म्हणाले, "छान आहे हो. कुठं केली?"

मग कोणालाच आवरेना. मी दाराच्या फटीतून चहाचे कप बाहेर सरकवले आणि अर्धी इमारत त्या तिरक्या गादीला टेकून चहा प्यायली. खालच्यांना वर जाता येत नव्हतं, वरच्यांना खाली, आणि कुणाला घाईही नव्हती.

सोमनाथनं रशीदभाईंना फोन केला. ते स्कूटरवर आले. खिशातून ब्लेड काढून त्यांनी गादीचे टाके भराभर उसवले. आतला कापूस सैल पडला, गादी मऊ होऊन वाकली, आणि सगळ्यांनी मिळून ओढली तेव्हा ताज्या पोळीसारखी वळत वर गेली. वर बेडवर मांडून रशीदभाईंनी कापूस सारखा केला, दाभणानं पुन्हा टाके घातले. आप्पासाहेबांनी तिथंच त्यांना आपलीही ऑर्डर देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सोमनाथ पहाटेच्या पाळीला गेला. सकाळी कंपनीची बस येऊन गेली आणि प्रेरणा खाली उतरलीच नाही. तिच्या साहेबांचा फोन आवडाबाईंनी उचलला. खिडक्या उघड्या होत्या, मला खालपर्यंत ऐकू आलं.

"झोपलीय ती. नाय साहेब, बरी हाय, लई बरी हाय. उठवू? मी नाय उठवायची. तुमीच या, बघा कसं झोपलंय लेकरू. आन् येताना चपला बाहेर काढा."

पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. फक्त वरच्या फरशीवर कुणीतरी धपकन बसल्याचा आवाज आला.