पुस्तकातली बकरी
पेटीतून पांढरी चादर काढली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि बोरी अरबजवळच्या तांड्यावरची ती पोरगी आठवते. तिथल्या शाळेत शिकवत असताना याच चादरीवर मी मुलांना एक सिनेमा दाखवला होता. पुरात वाहून गेलेली बकरी शेवटी चिखलाने माखून दारात उभी राहते, तेव्हा पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. सिनेमा ज्या पुस्तकावरून काढला होता, ते मी लगेच पुढे केलं; सिनेमाच्या ओढीने तरी वाचतील, एवढीच आशा. नेलं फक्त तिने. घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारी, मराठी एकेक अक्षर लावत वाचणारी पोरगी. बऱ्याच दिवसांनी पुस्तक छातीशी धरून आली आणि हळूच म्हणाली, "सर, मले वाचता येत नाही वाटते. कितीबी वाचलं तरी बकरी मरूनच जाते." मी तिला जवळ बसवून शेवटचं पान मोठ्याने वाचायला लावलं. ती कुठेही चुकली नाही. "तू बरोबर वाचलं," मी म्हणालो, "सिनेमावाल्यांनीच शेवट बदलवला." तिने पुरं केलेलं ते पहिलंच पुस्तक, मला वाटलं खूश होईल. ती पानाकडेच बघत राहिली. "म्हणजे मेलीच," ती म्हणाली. "मी चुकली असती त बरं झालं असतं, सर." आज दुसऱ्या गावात, दुसऱ्या पोरांसाठी तीच चादर खिळ्यांना बांधतो आहे, आणि तेच पुस्तकही टेबलावर काढून ठेवलं आहे.