पुढची शीट

गोरेगावच्या ष्टँडसमोर देविदासचं इंटरनेटचं दुकान होतं. दोन कम्प्युटर, एक इन्व्हर्टर अन् भिंतीला टेकवलेल्या चार खुर्च्या. दोन हजार आठ साली लाईट असायची कमी अन् जायची जास्त, तरी दुकानात माणूस हटत नव्हता. बारावीचा निकाल, भरतीचा फारम, कशाची बी झेरॉक्स, समदं त्याच्याकडं. बंजाऱ्यांच्या तांड्यातून शिकून निघालेलं ते पहिलं पोरगं. बाप थावरा भेटंल त्याला सांगायचा, "आमचं देविदास बसल्या जागी दुनिया फिरून राहिलं."

फिरायचं म्हणजे ऑर्कुटवर. तिथं जिल्ह्याच्या नावानं एक मंडळ निघालं होतं. तीनचारशे लोक, निम्मे पुण्या-औरंगाबादेला शिकायला गेलेले. इंग्रजी अक्षरात मराठी लिहायचे. देविदासनं तिथं नाव घेतलं होतं 'देवा किंग', अन् फोटो लावला होता दुसऱ्याच्या मोटारसायकलीचा.

एक दिवस तिथं कुण्या पोरीनं लिहिलं, "मी जीपनं शिकायला जायची. रोज भीती वाटायची. अजून गर्दीत अंग चोरते. माझंच असं आहे का?" नावाच्या जागी 'कुणीतरी' होतं अन् फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल.

बाप्ये तुटून पडले. एक म्हणाला, विमानानं जा. दुसरा म्हणाला, माझ्या मांडीवर बस, तिथं धक्का लागत न्हाई. तिसऱ्याला आधी तिचा फोटो पाहिजे होता, भेव वाटण्याइतकी देखणी हाय का ते बघायला.

त्या वक्ताला संतोष चहा प्यायला आलेला. संतोष तांड्यातलाच, देविदासचा लंगोटीयार. सेनगावच्या लाईनीवर जीप चालवायचा. देविदासनं त्याला समदं वाचून दाखवलं अन् म्हणाला, "थांब, म्या बी लिवतो." मग लिहिलं, "जीपमधी चौदा माणसं बसतात. धक्का नको असंल तं पालखीत जावं."

संतोष एवढा हसला का चहा शर्टावर सांडला. "अजून लिव की. म्हणाव, लय भेव वाटत असंल तं पुढं डायवरजवळ बसावं. भावावानी नेतो."

देविदासनं ते बी लिहिलं. संध्याकाळपर्यंत खाली तेवीस जण हसून गेले. त्यानं ते दोनदा मोजले.

दुसऱ्या दिवशी बाया बोलल्या. त्यांचं बोलणं निराळंच होतं. पाणी भरायला आलेल्या बाया हातातलं काम न सोडता बोलतात, तसं. एकीनं लिहिलं, मी बांगडीत सेफ्टी पिन ठेवते. दुसरी म्हणाली, मी स्टीलचा डबा कोपराखाली धरते. तिसरी खिडकीची जागा मिळेपर्यंत दोन-दोन जीपा सोडायची. चौथीनं विचारलं, डबा कोणत्या बाजूला धरता? कुणी रडत नव्हतं, कुणी कुणाला हसत नव्हतं.

मग जास्वंदीच्या फुलानं 'देवा किंग'ला जबाब दिला. "दादा, पुढची सीट सांगू नका. मला माझा भाऊच पुढं बसवायचा, मान म्हणून. गियरचा दांडा दोन पायांच्या मध्ये येतो. दर गियरला ड्रायव्हरचा हात. ओळखीचा माणूस होता. भाऊ रोज त्याला म्हणायचा, नीट ने रे."

देविदासनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग लाईट असताना कम्प्युटर बंद केला.

त्याची धाकटी बहीण मिना तीन सालामागं अकरावीला सेनगावला जायची. तांड्याची पोरगी ती साऱ्या तांड्याची बहीण. तिला मागं परक्या बाप्यांत बसू देत न्हाईत. देविदास सकाळी स्वतः ष्टँडवर यायचा, पुढं बसलेल्याला उठवायचा अन् संतोषला म्हणायचा, "मिनाला नीट ने रे." हेच शब्द. ती म्हणायची, "भिया, म्या मागं बसते." हा डाफरायचा, "मागं बाप्यायच्या गर्दीत काहून? अक्कल हाय का?" एकदा तर दंडाला धरून चढवली होती. त्या साली राखीला ती संतोषच्या घरी गेली न्हाई, तवा ह्यानंच तिला आईसमोर बोल लावला. दिवाळीनंतर तिनं शिक्षण सोडलं. "मन लागत न्हाई," म्हणाली. देविदास तांडाभर सांगत फिरला, पोरीच्या डोक्यात शेण भरलंय. दुसऱ्या साली लगीन लावून दिलं.

चार दिवस त्याला अन्न गोड लागलं न्हाई. पाचव्या दिवशी तो मिनाच्या सासरी निघाला. सिद्धेश्वरच्या धरणाजवळ त्यांचा तांडा. औंढ्याहून जीप. डायवरनं कपडे बघून त्याला पुढं घेतलं. दांडा गुडघ्यांमधी. तिसऱ्या गियरला डायवरचा हात मांडीला घासला, चौथ्याला पुन्हा. डायवर बिचारा समोर बघून गाडी हाकत होता, तरी देविदासनं मांड्या आवळल्या. रस्ता खड्ड्यांचा. गियर मोजायचं त्यानं अर्ध्या वाटेत सोडलं.

मिना अंगणात हरभरा पाखडत होती. लेकरू बाजूला गोधडीवर.

"काहून आला भिया? ना सण, ना वार."

"असंच."

"असंच कुणी एवढ्या उन्हाचं येत न्हाई."

देविदास सुपाकडं बघत बसला. "मिना, तवा जीपमधी... संतोष..."

सूप थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

"तीन साल लागले तुला," ती म्हणाली.

"सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं की. मागं बसते म्हणलं. रोजच म्हणलं."

मग तिनंच विचारलं, "तुला आता कुणी सांगितलं?" तवा त्यानं फुलाच्या फोटोवाल्या बाईचं सांगितलं. मिना ऐकत राहिली. "एवढ्या लोकायसमोर लिवलं तिनं? अन् बाप्ये काय म्हणले?"

"हसले."

"अन् तू?"

खोटं बोलता आलं असतं. तिच्या सासरी कुठलं इंटरनेट? पण त्यानं पालखीचं सांगितलं, पुढच्या शिटाचं सांगितलं, अन् ते कुणी लिवायला लावलं ते बी सांगितलं. सांगताना त्याची नजर लेकराच्या पायावर होती.

मिनानं सूप खाली ठेवलं. "तो बी हसला?"

"व्हय. आता जाऊन त्याची कॉलर धरतो."

"गप बस. तू भांडशील, पंचायत बसंल, अन् तितं बी मलाच पुढं बसवशील."

"मंग लिवलेलं पुसून टाकतो."

"तुला बरं वाटावं म्हणून? राहू दे. भाऊ कसे असतात, वाचणाऱ्याला कळंल तरी." ती उठली. "हात धू. भाकर टाकते."

तो जेवला. नको म्हणायचं तोंड त्याला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ष्टँडवर संतोषची जीप भरून राहिली होती. तांड्यातला रामकिशन आपल्या लेकीला, पुनमला घेऊन आला. पोरगी अकरावीला, पाठीला दप्तर. "संतोष, हिला पुढं घे रे. नीट ने."

देविदास दुकानाची कुलपं तशीच ठेवून रस्ता ओलांडून गेला अन् पुनमच्या आधी पुढं चढून बसला. दांड्याच्या दोन्हीकडं पाय टाकले.

"ए देविदास," रामकिशन म्हणाला, "पोरगी उभी हाय अन् तू बाप्यामाणूस पुढं बसतो. लाज वाटती का?"

"वाटती, मामा," देविदास म्हणाला, अन् उठला न्हाई.

लोक हसले. पुनम मागं खिडकीजवळ बसली, दप्तर मांडीवर घेऊन. रामकिशनला खरं सांगावं तं मिनाचं नाव निघंल, असं देविदासनं मनाशी म्हणलं. आपलं बी नाव निघंल, हे त्यानं म्हणलं न्हाई, पण ते खरं होतं.

"आज मालक सेनगावला?" संतोषनं हसत विचारलं.

"व्हय. उद्या बी. रोजच."

"दुकान?"

"उघडंल वापस आल्यावर."

संतोष त्याच्याकडं बघत राहिला. हसू हळूहळू उतरलं. त्यानं गाडी चालू केली अन् पहिला गियर टाकायला हात खाली आणला. देविदासनं मांडी हलवली न्हाई.

तिकडं ऑर्कुटवर पालखीचं वाक्य तसंच होतं. तेविसाचे सव्वीस झाले होते.