कापलेली नावं

पेणकरपाड्यात लग्नपत्रिका छापणारे एक गृहस्थ आहेत. आमच्या घरातल्या सगळ्या पत्रिका त्यांच्याचकडच्या. चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरतात आणि छापण्याआधी शब्द न् शब्द मोठ्याने वाचतात. मला वैताग येतो.

या वेळी माझ्या नातीची, सुमनची पत्रिका होती. तिला खाली हॅशटॅग हवा होता. पाहुण्यांनी फोटोंवर तोच शब्द लिहायचा, म्हणजे सगळे फोटो एका जागी सापडतात म्हणे. सुमन आणि रणजित, दोघांची नावं कापून तिने जोडली होती.

गृहस्थ वाचता वाचता थांबले. "सुमरण. बेटा, यात मरण आलंय."

नात रडवेली झाली. "मग राहू दे काका. हॅशटॅगच नको."

"नको कशाला? फक्त नावं कापू नकोस." त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'सुमनरणजित', आणि तीनदा वाचून दाखवलं. नात हसली.

माझ्या लग्नात तांदळात नवं नाव लिहून माझं नाव बदललं. मला कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "हेच छापा. आणि तिचं नाव पहिलंच राहू दे."

"पहिलंच आहे, मावशी," ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. या वेळी मी शेवटपर्यंत ऐकलं.