मंगळवारचा साड्यांचा गठ्ठा

सुमन आक्का गेली. सरकारी कागदात मात्र एकही जागा रिकामी झालेली नाही.

कारण तिची जागाच नव्हती.
आणि तो कागद मीच भरला होता.

सीमाभागातल्या वडगावात आमच्या गल्लीत आक्काचा साड्यांचा माग. मंगळवारी बंद. त्या दिवशी ती कुणाला तरी स्कूटरवर मागं बसवून सरकारी दवाखान्यात कौन्सेलरकडं न्यायची. कुणाची दारू सुटत नसायची, कुणाची झोप उडालेली असायची.

मांडीवर साड्यांचा गठ्ठा द्यायची. गल्लीला वाटावं, माल पोचवायला चाललेत.

कौन्सेलर मॅडम कन्नड. आक्का मधे बसून इकडचं मराठी तिकडं कन्नडमधे सांगायची.

"बाजारापुरतं कन्नड सगळ्यांना येतंय रं. रडायला आपलीच भाषा लागती."

मलाही तिनंच नेलं. कॉलेज अर्ध्यात सोडलेलं. जिच्यावर जीव होता ती लग्न होऊन हुबळीला गेलेली. मी पीत होतो.

"तिच्यासाठी पितोस व्हय? ती तिकडं जेवून निवांत झोपली असंल. बस मागं. गठ्ठा धर."

गेल्या वर्षी दिल्लीहून एक फॉर्म आला. मानसिक आजार आणि व्यसनाच्या उपचाराला देशभर किती माणसं लागतील, त्याचं प्लॅनिंग. सध्या किती आहेत, अजून किती हवीत. इंग्लिशमधला म्हणून मॅडमनी मला भरायला बसवलं.

डॉक्टर, नर्स, कौन्सेलर, इतर.

"आक्का, 'इतर'मधे तुझं नाव घालतो."

"मी काय पगारी हाय? रेघ मार."

माझं डोकं फिरलं. "असला कसला फॉर्म मग? मी भांडतो त्यांच्याशी!"

"गप रं. प्रिन्सिपलशी भांडून कॉलेज सोडलंस. आता दिल्लीशी भांड."

मॅडमपण हसल्या. मी रेघ मारली. एरवी मी कुणाचं ऐकत नाही. तेवढंच ऐकलं.

शनिवारी आक्का हार्ट अटॅकनं गेली.
दिल्लीच्या लेखी वडगावात कुणीच कमी झालेलं नाही.

मॅडमना फोन केला, तो फॉर्म परत मागवा म्हणालो. म्हणाल्या, "तो कधीच वर गेला."

आज मंगळवार. सकाळी आक्काच्या दारात दोघं उभे होते. एकमेकांकडं न बघता.

मी आक्काच्या सूनबाईंकडून स्कूटरची चावी घेतली. गठ्ठाही मागून घेतला.
"आधी कोण?" एवढंच विचारलं.

माझं कन्नड बरं आहे. मधे गप बसून ऐकणं जमत नाही. ते शिकावं लागेल.

आक्का, तुला अख्ख्या गल्लीचा नमस्कार.
येतो.