फंडाच्या घरातली पाहुणी

आमच्या ह्यांच्या पगारातून दर महिन्याला फंड कापला जायचा, पण खरी कात्री चालायची ती माझ्यावर. दिवाळीला साडी मागितली की फंड. माहेरी लग्नाला जायचं म्हटलं की फंड. एकदा मी चिडून म्हणाले होते, "आज त्या फंडालेच जेवायले वाढते, तुम्ही बसा बाजूले." हे नुसते हसले. ह्यांचं हसणं हाही माझ्या डोक्याला एक तापच होता.

तरी मी सगळं सोसलं ते एका आशेवर. फंड हाती आला की घर. सक्करदऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा सगळा संसार झाला. अंगणात एकच नळ आणि त्यावर घरमालकिणीचा पहारा. दुसरी बादली लावली की ती ओट्यावरून ओरडायची, "झालं न वं तुमचं? का तलावच भरून राहिल्या?" आणि आपण मूग गिळून बादली उचलायची, कारण घर तिचं. मला काही बंगला नको होता. मनात येईल तेव्हा, कोणाच्या तोंडाकडे न पाहता, मला बादली भरायची होती. एवढंच.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा हे रिटायर झाले. हार, नारळ, शाल, भाषणं सगळं झालं, आणि फंड हाती आला. त्यातून ह्यांनी हुडकेश्वरला घर घेतलं. तेव्हा तिकडे नुसती शेतं. काळ्या मातीच्या रस्त्यावर रिक्षावाला यायला तयार नसे, शेवटचा तुकडा पायीच जावं लागे. पण घर! तीन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, आणि मागच्या अंगणात, सांदवाडीत, स्वतःची विहीर. मी तिथली बादली आत सोडली, ओढून काढली, ओंजळीनं पाणी प्यायले. डोळे भरून आले, खोटं काहून बोलू?

परत येताना हे सहज म्हणाले, "एक तारखेपासून भाडेकरू येऊन राहिले."

"कोणाच्या घरात?"

"आपल्या. अवं, पेन्शन कितीक पुरते? हे भाडं म्हणजे दुसरी पेन्शन समज. आपली जागा स्वस्त आहे, आपण तिथंच राहू. मधला फरक खिशात."

कपाळ माझं! पुढचे चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. मग बोलले, तर पुष्कळच बोलले. पण ह्यांची सगळी नोकरी हिशेबात गेलेली. त्यांच्यापुढे मी काय मांडणार? बादली तर हिशेबात कुठेच बसत नव्हती.

भाडेकरू म्हणजे सरकारी कचेरीतला कारकून, त्याची बायको आणि तिची म्हातारी सासू. माणसं वाईट असती तर मी भांडले असते. पण ती मेली इतकी चांगली! भाडं वेळेवर, घर लख्ख, आणि ती बायको तोंडभरून "काकू, काकू" म्हणायची. वर्षभरानं मी ह्यांना घेऊन मुद्दाम तिकडे गेले. पुढच्या साली घर खाली करा असं स्पष्ट सांगायचं, ते मी घरूनच ठरवलं होतं. चहा झाला, चिवडा झाला. मी सुरुवात केली, "मी म्हणत होते, पुढच्या साली..."

"थांबा काकू, आधी ओटी भरते," असं म्हणून ती उठलीच.

आमच्याकडे घरी आलेल्या सवाष्णीला रिकामी पाठवत नाहीत. ती निघताना तिला कुंकू लावायचं आणि पदरात तांदूळ, नारळ, खण घालायचा. भरली ओटी पदरात आली की पाहुणीनं उठायचं, देवाला नमस्कार करायचा आणि उंबरा ओलांडायचा. मग तिथे रेंगाळायचं नाही, आणि वाकडं तर बोलायचंच नाही. मी उठले, नमस्कार केला आणि बाहेर पडले. माझ्याच विहिरीच्या पाण्याचा चहा पिऊन, माझ्याच घरातून, पाहुणी म्हणून!

बाहेर हे कारकुनाबरोबर कवेलू बघत उभे होते. रस्त्याला लागल्यावर विचारतात, "बोलली का मंग?"

"पदरात नारळ घेऊन काय बोलू, तुमचं डोकं?"

"राहू दे न मंग. चांगले लोक आहेत."

दरवर्षी हेच. मी रस्त्यानं वाक्य घोटत जायची आणि येताना पदर सावरत यायची. त्या बाईला माझं येणं का असतं ते कळत होतं की नव्हतं, देव जाणे. मला वाटतं, चांगलंच कळत होतं. माझं "मी म्हणत होते" निघालं रे निघालं की कुंकवाचा करंडा हजर! आणि त्या नारळांच्या वड्या हे मिटक्या मारत खायचे. म्हणायचे, "नारळ गोड निघाला हं." तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

इकडे सक्करदऱ्यात नळाला पाणी कमी झालं आणि घरमालकिणीचं तोंड वाढलं. उन्हाळ्यात एकच बादली. माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. शेजारणी विचारायच्या, "तुमचं तर हुडकेश्वरले घर आहे म्हणतात, मंग इथं काहून राहून राहिल्या?" काय सांगणार? हसून वेळ मारून न्यायची आणि घरात येऊन भांडी आपटायची.

शेवटी त्या कारकुनाची बदली काटोलला झाली. तो किल्ली द्यायला आला तेव्हा ह्यांच्याआधी मी हात पुढे केला. किल्ली कमरेला खोचली. हे नुसते हसले, तिथेच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सायकल घेऊन "जरा काम आहे" म्हणून निघून गेले. मी स्टोव्ह, पातेलं, पेले, दूध, देवाची तसबीर, कुंकवाचा करंडा, आणि नव्या घरात देवापुढे ठेवायला तांदूळ, नारळ, खण एवढं पिशवीत भरलं आणि हुडकेश्वर गाठलं. घर झाडलं. विहिरीचं पाणी काढून तिन्ही खोल्या पुसल्या, कोनाड्यात तसबीर मांडली. दूध स्टोव्हवर ठेवलं आणि ते उतू जायची वाट पाहत बसले.

तेवढ्यात फाटकाशी ह्यांचा आवाज. "हे पहा, ही मोठी खोली. सकाळचं ऊन चांगलं येते." मागे एक तरुण नवरा-बायको. हे दुसरी किल्ली हातात घेऊन दारात आले आणि मला पाहून थिजले.

"तू इथं काय करून राहिली?"

"दूध उतू घालून राहिले."

"अवं, मी ह्यांले शब्द देऊन बसलो न! जुन्यापेक्षा भाडं जास्त देऊन राहिले ते."

दूध उतू गेलं, मी स्टोव्ह विझवला. तिथेच भांडले असते तर त्या पोरीसमोर तमाशा झाला असता. तिच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता, आणि नजर भिंतींवरून फिरत होती, पलंग कुठे, कपाट कुठे. मग ती मागे गेली आणि विहिरीत वाकून पाहू लागली. ती नजर मी ओळखली. पण मी मन घट्ट केलं. दोघांना बसवलं, उतू गेलेल्या दुधात साखर घालून दिलं.

"घर छान आहे, काकू," ती म्हणाली.

"आहेच," मी म्हटलं, आणि करंडा घेऊन उठले. "पदर पुढे कर, बाई."

तिच्या कपाळाला कुंकू लावलं. पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. ती आधी गोंधळली, मग तिनं मान खाली घातली. आमच्या भागातल्या बाईला ह्याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. देवापुढे नमस्कार करून ती निघाली, आणि तिचा नवरा मुकाट्यानं तिच्यामागे.

हे त्यांना फाटकापर्यंत सोडून आले आणि उंबऱ्यात उभे राहिले. चेहरा पडलेला.

"आणि भाडं?"

"सक्करदऱ्याचं वाचलं न! चपला बाहेर काढा, आत्ता पुसलं आहे."

मी मागे सांदवाडीत गेले. बादली सोडली, काठोकाठ भरून वर ओढली, आणि तशीच अंगणात ओतून दिली. मग पुन्हा सोडली.